साहेब नावाचा माणूस तिथे राहत नाही

माझी भाची या सप्टेंबरात लीड्सला एम.एस्सी. करायला जाते आहे. गेल्या महिन्यात तिला मुंबईतल्या आमच्या वाकोल्यातल्याच एका क्लासने छापील कागद दिला, 'ब्रिटनमध्ये कसे वागावे'. त्यात सतरा सूचना आहेत. दत्त मंदिर रोडवरच्या आमच्या घरी पोहे खाता खाता तिने तो मला वाचून दाखवला. इंग्रज माणूस भावना दाखवत नाही, त्याच्यासमोर रडू नये, मोठ्याने हसू नये. तो वेळेचा पक्का असतो, एक मिनिट उशीर झाला तरी तो अपमान समजतो. त्याच्याशी फक्त हवामानावर बोलावे. त्याला आपल्या मसाल्यांचा वास सहन होत नाही, डबा चारचौघांत उघडू नये. बाहेर मातृभाषेत बोलू नये. शेवटची सूचना जाड ठशात होती: 'लक्षात ठेवा, आपण पाहुणे आहोत.'

पोरगी एरवी चाळ डोक्यावर घेणारी. सतराव्या सूचनेपर्यंत तिचा आवाज बारीक झाला होता. कागद घडी करून ठेवत तिने विचारलं, "मावशी, मग मी आईला फोन कुठे जाऊन करू?"

या प्रश्नाने मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तेवीस वर्षांच्या हुशार मुलीला आपण परदेशी पाठवतो आणि जाताना तिच्या डोक्यात असा एक माणूस भरून देतो, जो त्या देशात राहतच नाही. मी सत्तावीस वर्षं सहारच्या विमानतळावर चेक-इन काउंटरवर काढली. लंडनच्या विमानाची रात्रपाळी माझ्या वाट्याला इतक्यांदा आली की ब्रिटिश पासपोर्टचा रंग लालचा निळा झालेलाही मी बघितला. त्या पासपोर्टमागची माणसं मी बघितली आहेत. म्हणून हा कागद मी खोडून काढणार आहे.

पहिली गोष्ट, 'इंग्रज' हा शब्दच आपण चुकीचा वापरतो. एका रात्री ग्लासगोचा एक प्लंबर माझ्यासमोर आला. बॅग हरवल्याचं सांगत होता, पण मला एक शब्द कळेना. मी तीनदा विचारलं. मागे उभ्या असलेल्या लंडनच्या बाईंना विचारलं, तर त्याही मान हलवून म्हणाल्या, मलाही समजत नाही. शेवटी त्याने बोर्डिंग पासच्या मागे लिहून दिलं. जाता जाता मी 'तुम्ही इंग्रज लोक' असं काहीतरी म्हणाले, तेव्हा तो थांबला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "मी इंग्रज नाही. स्कॉटिश." तेवढं मात्र मला लख्ख कळलं.

मुंबईकराला हे कुणी सांगायला नको होतं. ज्यांना आपण सरसकट इंग्रज म्हणतो, त्यांतला गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता, विल्सन कॉलेजचा जॉन विल्सन स्कॉटिश होता, 1889 साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष झालेला विल्यम वेडरबर्नही स्कॉटिश. आजही त्या देशात एकमत नाही. 2014 साली स्कॉटलंडने वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान घेतलं आणि 45 टक्के लोकांनी वेगळं व्हायचं म्हटलं. 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा ठरवला, तेव्हा स्कॉटलंडमधल्या 62 टक्के मतदारांचा कौल राहण्याच्या बाजूने होता. ज्या देशात आपलं राष्ट्र कोणतं यावरच वाद आहे, तिथल्या साऱ्यांचा स्वभाव आपण एका कागदावर कसा मांडतो?

आता भावना. 26 जुलै 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी फुगली, वाकोला नाला उलटा फिरला, आमच्या गल्लीत छातीभर पाणी होतं. विमानतळ बंद पडला आणि मी आत अडकले. माझ्या घरी आई एकटी होती आणि फोन लागत नव्हता. माझ्या काउंटरपाशी जमिनीवर एक धिप्पाड ब्रिटिश गृहस्थ बसले होते, पन्नाशीचे. त्यांची मुलगी त्याच दिवशी कुठूनतरी मुंबईला यायची होती, तिचा ठावठिकाणा लागत नव्हता. पहाटे तीनच्या सुमाराला ते दोन्ही हातांत तोंड धरून हुंदके देऊन रडायला लागले. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, मग मीही रडले. लेस्टरहून आलेल्या एका गुजराती आजींनी आम्हा दोघांपुढे थेपल्यांचा डबा उघडला. पासपोर्ट त्यांचाही ब्रिटिशच होता. त्या गृहस्थांनी तीन थेपले खाल्ले आणि लोणचं मागून घेतलं. त्या कागदावरच्या किती सूचना त्या एका रात्रीत वाहून गेल्या, ते मोजायचं मी वाचकांवर सोडते.

मग हा न रडणारा, मोजकं बोलणारा, घड्याळाकडे बघणारा इंग्रज आपल्याकडे आला कुठून? माझ्या मते तो आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला, आणि पाहिला तो फक्त कामावर असताना. कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट, गिरणीचा मॅनेजर, पलटणीतला अधिकारी. मूठभर लोकांना एवढ्या मोठ्या मुलखावर राज्य करायचं होतं, त्यासाठी अंतर राखणं भाग होतं. म्हणून कॅम्प वेगळा, क्लब वेगळा, उन्हाळ्यात महाबळेश्वर वेगळं. अधिकाऱ्याने घाम पुसायचा नाही, हसायचं नाही, घाबरलेलं दिसायचं नाही. नोकरीतल्या त्या वागण्याला आपण त्या जातीचा स्वभाव समजलो. वेल्सच्या खाणीत कोळसा काढणारा, लँकेशायरच्या मागावर बसणारा, ईस्ट लंडनच्या गोदीत हमाली करणारा ब्रिटिश माणूस आपल्या गावी कधी आलाच नाही. आला असता तर आपल्या लालबाग-परळच्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटला असता. साहेब गेला त्याला पाऊणशे वर्षं उलटली, आणि आपल्या क्लासमध्ये अजून त्याच्याच हजेरीची धास्ती शिकवतात.

वेळेचंच बघा. वक्तशीरपणा त्यांच्या रक्तात आहे, असं आपण म्हणतो. इंग्लंडात रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती, सूर्यावरची. ब्रिस्टलची वेळ लंडनच्या दहा मिनिटं मागे. रेल्वेने लंडनची वेळ लादली तेव्हा ब्रिस्टलकरांनी ती मानायला कितीतरी वर्षं घेतली. तिथल्या कॉर्न एक्सचेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनचा, एक गावाचा. आपल्या मुंबईत हेच झालं. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने सगळ्या देशाला एक वेळ लावली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे होती. गिरणी कामगार चिडले, नगरपालिकेने जुनीच वेळ धरून ठेवली, आणि ती 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत पूर्णपणे गेली नाही. घड्याळाशी ब्रिस्टलचा माणूस जसा भांडला तसाच मुंबईचाही भांडला. यात रक्ताचा संबंध कुठे आला? आजच्या ब्रिटनमध्ये गाडीला पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास उशीर झाला तर भाड्याचा काही भाग परत मागता येतो, तशी रीतसर योजनाच आहे. गाड्या नेहमी वेळेवर धावल्या असत्या तर अशी योजना कशाला काढावी लागली असती?

कागद वाचून माझे भाऊजी म्हणाले, "काही म्हण, शिस्त त्यांचीच. त्यांचं राज्य बरं होतं." हे वाक्य वाकोल्याच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला उत्तर देणं मला कर्तव्य वाटतं. आमच्या वस्तीतून जाणाऱ्या तानसाच्या पाइपलाइनकडे बोट दाखवून लोक सांगतात, बघा, साहेबाने केलं. तानसाचं पाणी 1892 साली मुंबईत आलं हे खरं. पण त्याचा खर्च मुंबईच्या करदात्यांनी सोसला आणि ते खोदकाम आपल्या माणसांच्या हातांनी झालं. ब्रिटिशांचे पूल पडत नाहीत म्हणतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्यांत गेलेल्यांच्या घरच्या लोकांसमोर हे वाक्य कुणी उच्चारून दाखवावं. खुद्द त्यांच्या देशात, स्कॉटलंडमध्ये, 28 डिसेंबर 1879 रोजी टे नदीवरचा नवाकोरा रेल्वेपूल वादळात कोसळला आणि गाडीतला एकही माणूस वाचला नाही.

लाच नव्हती म्हणतात. ज्याच्या नावाच्या मार्केटमध्ये आपण फळं आणि मसाले घ्यायला जात आलो, तो आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो पुण्याकडे विभागीय कमिशनर झाला. बदल्या-बढत्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून 1888 साली त्याच्यावर चौकशी आयोग बसला. आयोगाने लाचेचा आरोप मान्य केला नाही, पण हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जं उचलल्याचं शाबीत झालं आणि त्याची नोकरी गेली. ज्या मामलेदारांनी अभयाच्या वचनावर विसंबून साक्षी दिल्या, त्यांना सरकारने पुढे पुरतं सांभाळलं नाही. टिळकांना त्यांच्यासाठी उभं राहावं लागलं.

आणि हे काही इतिहासजमा झालेलं नाही. 1999 ते 2015 या काळात ब्रिटनच्या पोस्ट खात्यातल्या सदोष संगणक प्रणालीमुळे खोटी तूट दिसली आणि पोस्ट चालवणाऱ्या 900 हून जास्त निरपराध लोकांना चोर ठरवण्यात आलं. त्यांत भारतीय वंशाचे कितीतरी होते. एका गरोदर बाईला तुरुंगात पाठवलं गेलं. त्यांतल्या शेकडो जणांच्या शिक्षा रद्द करायला 2024 साली संसदेला कायदा करावा लागला. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल इमारतीत आग लागून 72 माणसं गेली. धोक्याची तक्रार रहिवासी आधीपासून करत होते. ब्रिटिशांचा कमीपणा दाखवायला मी हे लिहीत नाही. तिथेही कारकून चुकतात, ठेकेदार हात आखडता घेतात, गरिबाचा अर्ज तळाशी पडतो. जाणाऱ्या मुलीला हे ठाऊक असलं तर ती तिथल्या प्रत्येक कागदावर डोळे मिटून सही करणार नाही.

दुसऱ्या बाजूचं ठोकळेबाज चित्रही मला मान्य नाही. इंग्रज म्हणजे लुटारू, कपटी, त्याच्याशी माणुसकीचं नातं जोडायचंच नाही, असं म्हणणारेही आमच्या घरी येतात. 1919 हे एकच साल घ्या. अमृतसरला गोळ्या झाडायला लावणारा जनरल डायर ब्रिटिश होता, आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ने वाचकांकडून 26,000 पौंडांवर निधी जमवला. 1919 मध्येच मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन सरकारवर तुटून पडला म्हणून त्याला जहाजात घालून हद्दपार केलं. हॉर्निमनही इंग्रजच. फोर्टमधलं हॉर्निमन सर्कल त्याच्या नावाचं आहे. बागेत बसून डबा खाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? 1928 च्या गिरणी संपाच्या काळात कामगारांबरोबर काम करणारा बेन ब्रॅडली इंग्लंडहून आलेला होता आणि मीरत खटल्यात आपल्या पुढाऱ्यांबरोबर तुरुंगात गेला. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी लँकेशायरला डार्वेनला गेले. आपल्या बहिष्काराने तिथल्या कितीतरी कापड कामगारांचं काम गेलं होतं. तरी तिथल्या कामगारांनी त्यांना घेरून त्यांच्या नावाचा जयजयकार केला. त्याचं छायाचित्र कोणीही बघावं. डायरला पैसे देणारेही ब्रिटिश आणि गांधींचा जयजयकार करणाऱ्या बायाही ब्रिटिश. यांतला खरा इंग्रज कोणता, हा प्रश्न चुकीचाच आहे.

डब्याबद्दल थोडकंच लिहिते. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदने लंडनमध्ये भारतीय जेवणाचं हॉटेल काढलं ते 1810 साली, म्हणजे पेशवाई अजून बुडालेली नव्हती. ज्या चहाला आपण इंग्रजांचं लक्षण म्हणतो, तो तिथल्या दरबारात रुजवला पोर्तुगालच्या राजकन्येने, कॅथरीनने. तिच्या लग्नाच्या करारात, 1661 साली, मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. आमचं वाकोला मात्र साष्टीत, ते तेव्हा पोर्तुगीजांकडेच राहिलं. सांगायचं ते हे की त्या बेटावरच्या माणसाने परक्याचं खाणंपिणं आपलंसं केलं, त्याला साडेतीनशे वर्षं उलटली. लसणाच्या चटणीचा वास त्याला सहन होणार नाही म्हणून मुलीने जिन्यात उभं राहून जेवायचं, हे मला पटत नाही.

सगळ्यात जास्त मला खुपली ती मातृभाषेची सूचना. इथे येऊन राहिलेल्या अगदी पहिल्या इंग्रजांपैकी एक थॉमस स्टीफन्स. विल्टशायरमध्ये जन्मला, कॅथलिक पंथावर इंग्लंडात बंदी होती त्या काळात जेझुइट झाला आणि 1579 साली गोव्यात उतरला. त्याने चाळीस वर्षं इथे काढली, परत गेला नाही. त्याने मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलं, सुमारे अकरा हजार ओव्या, 1616 साली छापलं, आणि त्यात मराठी भाषेचं असं कौतुक केलं की आजही शाळेच्या कार्यक्रमांतून ते म्हणतात. कोकणी भाषेचं व्याकरणही त्याचंच. पुढे 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. भाषांतर करताना मराठी माणूस अजून तो उघडतो. इंग्रज इथे येऊन मराठी शिकले, मराठीत लिहून गेले. आणि आपण आपल्या मुलीला सांगतो, बसमध्ये आईशी मराठीत बोलू नकोस. लंडनमध्ये 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे गणपती बसतो, नाटकं होतात, दिवाळीला फराळ होतो. ते शेजाऱ्यांच्या कानांवर जातच असणार.

राहिलं पाहुणेपण. 1888 साली पंतप्रधान सॅलिस्बरीने दादाभाई नौरोजींना 'काळा माणूस' म्हणून हिणवलं, ब्रिटिश मतदार असल्या माणसाला निवडणार नाही म्हणाला. चार वर्षांनी लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघाने दादाभाईंना पाच मतांनी निवडून दिलं. 2021 च्या जनगणनेत लंडनमध्ये 'गोरे ब्रिटिश' म्हणून नोंदले गेलेले लोक 37 टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे तिथे आपल्या पोरीला भेटणारा ब्रिटिश माणूस शीख असेल, सिल्हेटचा असेल, जमैकाचा असेल, पोलंडहून आलेल्यांचा मुलगा असेल. मी तिला खोटा दिलासा दिलेला नाही. 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या कितीतरी शहरांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या, हे मी तिला स्वतः सांगितलं. आठवड्याभरात हजारो लोक त्या दंगलखोरांविरुद्ध रस्त्यावर उतरले, हेही सांगितलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लक्षात ठेवून वागायचं आहे. पण ती विद्यापीठाची पूर्ण फी भरते, व्हिसाचे पैसे भरते, सरकारी दवाखान्यासाठी वर्षाला 776 पौंड आधीच भरून मोकळी झाली आहे. पाहुणा इतकं भरून येत नाही. ती मान खाली घालून का वावरेल?

अशा शिक्क्याची बोच काय असते, ते आम्ही वाकोलेकर रोज बघतो. कोळे-कल्याणच्या गावठाणातले आमचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजारी घरात मराठी बोलतात, त्यांच्या आज्या लुगडं नेसायच्या. त्यांच्या पूर्वजांचा धर्म पोर्तुगीज काळात बदलला. इंग्रज साष्टीत आले ते त्यानंतर, 1774 साली. पण 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं आणि तेवढ्यावरून अजून कोणीतरी त्यांना 'साहेबाची माणसं' म्हणतो. माझ्या शेजारच्या बाईंनी हे ऐकून घेतलेलं मी पाहिलं आहे. त्यांचा चेहरा तेव्हा कसा होतो, ते मला विसरता येत नाही. आपल्यावर मारलेला शिक्का आपल्याला चालत नाही, मग दुसऱ्यावर मारलेला आपण मुलांना पाठ का करायला लावतो?

क्लासवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलांकडून तुम्ही हजारो रुपये घेता. त्यांना स्वभावाचे सल्ले देऊ नका, उपयोगाची माहिती द्या. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. इंग्लंडमध्ये घरमालकाने अनामत रक्कम घेतली तर तीस दिवसांत ती सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते, पावती मागायची. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला कौन्सिल टॅक्स माफ असतो, पण त्यासाठी विद्यापीठाचं पत्र कौन्सिलला द्यावं लागतं. पदवीच्या शिक्षणात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांहून जास्त नोकरी केली तर व्हिसा जाऊ शकतो. जिवावरचं संकट असेल तर 999, दुखणं तेवढं मोठं नसेल तर 111. आणि सामान भरताना एक ध्यानात ठेवायचं: आपल्याकडून मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, कस्टममध्ये काढून घेतात. तुमच्या सतरा सूचनांत यातलं एकही वाक्य नव्हतं.

भाचीसाठी तिच्या आईने आणलेलं साजूक तूप आणि पेढे म्हणून घरीच राहिले. पेढे आम्ही चाळीत वाटले. गोडा मसाला, भाजणी, लसणाची चटणी आणि शेजारच्या बाईंनी बाटलीत भरून दिलेला बॉटल मसाला तिच्या बॅगेत आहे.